सिस्टीममध्ये हा आजार नाही

“मॅडम, यात हे नावच येत नाहीये. एमएस टाकून देतो, लगेच पास होईल.”

टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेच्या, काउंटरवरचा मुलगा हे अगदी आपुलकीनं म्हणाला. संध्याकाळचे पावणेसात झाले होते, त्याची शिफ्ट सुटायला आली होती आणि काचेच्या अलीकडे माझा मावसभाऊ डिपॉझिटची पावती मुठीत धरून उभा होता. वर चौथ्या मजल्यावर त्याची नऊ वर्षांची मुलगी घरी जायची वाट बघत बसली होती. तीन आठवड्यांपूर्वी तिला फळ्यावरचे आकडे पुसट दिसायला लागले. चष्मा लागला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एमआरआय करायला सांगितला, तिथून न्यूरॉलॉजिस्ट. रक्ताचा नमुना बाहेरच्या लॅबमध्ये गेला आणि निदान हाती आलं: मॉग अँटिबॉडी डिसीज. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘मॉगॅड’ म्हणतात. यात शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंच्या आवरणातल्या एका प्रथिनावरच उलटते. पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिल्यावर पोरीची नजर परत येऊ लागली होती. डिस्चार्ज कार्डावर न्यूरॉलॉजिस्टनी आजाराचं नाव पूर्ण आणि स्वच्छ लिहिलं होतं. ते कार्ड त्या मुलाच्या कीबोर्डशेजारीच पडलं होतं.

मी पुण्यात मेडिकल कोडर आहे. फिजिओथेरपीची पदवी घेतली आणि अकरा वर्षं झाली, हेच काम करते. अमेरिकेतल्या रुग्णालयांचे चार्ट वाचायचे आणि त्यातल्या प्रत्येक निदानाला कोड लावायचा. रुग्णाला जो आजार नाही त्याचा कोड लावला तर आमच्याकडे चार्ट ऑडिटमधून परत येतो, लावणाऱ्याला जाब द्यावा लागतो. तीच चूक माझ्या डोळ्यांदेखत होत होती: मॉगॅडच्या जागी एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. मी तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊ म्हणाला, “ताई, होऊ दे ना पास. पोरीला घरी नेऊ.” मी गप्प बसले. अप्रूव्हल दीड तासात आलं.

आठ महिन्यांनी त्यानं घरासाठी नवीन मेडिक्लेम घ्यायचं ठरवलं. कंपनीनं पॉलिसी दिली, पण मुलीच्या नावापुढे एक आजार कायमचा वगळून. त्या आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. तो तिला कधीच नव्हता.

काउंटरवरच्या त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यासमोर ड्रॉपडाउन होतं, त्यात जे होतं त्यातलंच त्यानं निवडलं. माझं म्हणणं त्या ड्रॉपडाउनबद्दल आहे आणि त्याच्या भरवशावर आजाऱ्यांचे निर्णय घेणाऱ्या सगळ्यांबद्दल आहे. एखाद्या आजाराला कोड नसेल तर नसू दे. पण कोड नाही म्हणून आजाराचं नाव पुसलं जाता कामा नये. आज ते पुसलं जातं. रोज, बिनबोभाट आणि बहुतेक वेळा सद्हेतूनंच.

ज्यांचा या कोडांशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचं रोगांचं एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, आयसीडी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्याची दहावी आवृत्ती चालते. प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि काही आकडे. टायफॉइड ए ०१.०, मल्टिपल स्क्लेरोसिस जी ३५. आजारांचे गट केलेले असतात आणि जवळजवळ प्रत्येक गटाच्या शेवटी दोन खाने ठेवलेले असतात. पॉइंट आठ म्हणजे ‘इतर, निर्दिष्ट’. पॉइंट नऊ म्हणजे ‘अनिर्दिष्ट’. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखेच वाटतात. आमच्या कामात त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. पॉइंट नऊ लावला तर त्याचा अर्थ, नेमका आजार कोणता ते कागदावर कुणी लिहिलेलंच नाही. पॉइंट आठ लावला तर त्याचा अर्थ, डॉक्टरांना आजार नेमका ठाऊक आहे, त्यांनी तो लिहिलाही आहे, फक्त पुस्तकात त्याला वेगळी जागा नाही.

म्हणजे माझ्या भाचीसाठी खरा कोड त्या दिवशीही उपलब्ध होता. जी ३७.८, मध्यवर्ती मज्जासंस्थेचे इतर निर्दिष्ट डिमायलिनेटिंग आजार, म्हणजे मज्जातंतूंचं आवरण खराब करणारे. नियम अगदी साधा आहे. वेगळा कोड नसेल तर ज्या गटात आजार बसतो त्या गटातल्या ‘इतर’मध्ये घाला, शेजारच्या आजाराचं नाव उसनं घेऊ नका. आमच्याकडे हा धडा नव्या पोरांना पहिल्या महिन्यात शिकवतात. पण ‘इतर’ टाकलं की टीपीएकडून क्वेरी येते, क्वेरी आली की डिस्चार्ज रात्रीवर जातो, म्हणून आपल्या काउंटरवर ओळखीचं नाव टाकायची सवय पडून गेली आहे.

या उसन्या नावाची किंमत पैशापुरतीच राहत नाही. याच गटातला दुसरा आजार घ्या, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. कित्येक वर्षं डॉक्टर त्याला एमएसचाच एक प्रकार समजत होते. २००४ मध्ये त्याची स्वतंत्र अँटिबॉडी सापडली आणि तो वेगळाच आजार असल्याचं स्पष्ट झालं. एमएसवर दिली जाणारी काही औषधं या रुग्णांना दिली तर आजार बळावतो. उद्या माझी भाची दुसऱ्या गावी अत्यवस्थ होऊन दाखल झाली, आणि तिथल्या डॉक्टरांच्या हाती कार्डाऐवजी स्क्रीनवरची जुनी नोंद लागली, तर? हा विचार मनात आला की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

इथवर चुकीच्या कोडाबद्दल झालं. आता बरोबर कोडाबद्दल, कारण माझी मुख्य तक्रार तिथेच आहे.

समजा, त्या दिवशी मी हट्टानं जी ३७.८ टाकायला लावला असता. नोंद खरी झाली असती, पण पुढे? त्या खान्यात आणखी कितीतरी वेगवेगळे आजार पडलेले असतात. राज्याच्या किंवा विमा कंपनीच्या आकडेवारीत फक्त जी ३७.८ दिसतो. त्यात मॉगॅड किती, दुसरं काय किती, हे शोधायचं तर एकेक फाईल उपसावी लागेल, आणि तसं कुणी करत नाही. कार्डावर नाव आहे, कोडात नाव नाही, आणि सरकारदरबारी प्रवास होतो तो फक्त कोडाचा.

युरोपातल्या ऑर्फानेट या संस्थेच्या यादीत ६,००० हून अधिक दुर्मीळ आजार आहेत. दहाव्या आयसीडीत त्यांतल्या सुमारे ५०० आजारांनाच स्वतःचा कोड आहे. बाकीचे कुठे ना कुठे ‘इतर’मध्ये. दोन हजारांत एखाद्याला होणारा आजार म्हणजे दुर्मीळ, अशी युरोपची व्याख्या. एकेकटा घेतला तर किरकोळ वाटतो. सगळे मिळून घरं मोजायला बसलं तर बोटं पुरायची नाहीत.

पुस्तकात जागा मिळते कुणाला? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको, कोल्हापूर-बेळगाव ओलांडून शिमोगा जिल्ह्यात गेलं तरी पुरे. १९५७ साली तिथल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापानं फणफणली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं, म्हणजे आजच्या एनआयव्हीनं, विषाणू शोधून काढला. हाच आपला माकडताप. २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्यानं पछाडलं, गोव्यातल्या सत्तरीतही तो आला. जगाच्या लोकसंख्येशी तुलना केली तर हा अगदी मूठभरांचा आजार. तरी आयसीडीत त्याचा स्वतःचा, हक्काचा कोड आहे: ए ९८.२.

आता त्याच जिल्ह्यातल्या सागर तालुक्यात या. हंडिगोडू नावाचं गाव आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या दलित कुटुंबांतल्या माणसांचे खुबे आणि गुडघे दुखून निकामी होत असल्याचं लक्षात आलं. काहींची उंचीही खुंटलेली. आजार आनुवंशिक निघाला. त्या परिसरातल्या मोजक्याच समाजांत तो पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. त्याच्यावर संशोधन झालं, आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, अभ्यास केला, वैद्यकीय साहित्यात त्याला गावाच्या नावानं ओळखतात. पण दहाव्या आयसीडीत हंडिगोडूला स्वतःचा कोड नाही. हाडांच्या वाढीतल्या दोषांच्या सामायिक खान्यात त्याला जाऊन बसावं लागतं. जिल्हा एकच, आणि एका आजाराला कोड आहे, दुसऱ्याला नाही. एक विषाणू पसरतो, बाहेरच्यांनाही गाठू शकतो, त्याच्यावर प्रयोगशाळा उभी राहते. दुसरा आजार गरिबांच्या घरातून बाहेर पडत नाही.

हे कुणी कट करून केलं, असं मी म्हणत नाही. यादी जन्मली कशी, ते पाहिलं की उलगडा होतो. १८३९ मध्ये लंडनच्या नोंदणी कार्यालयात विल्यम फार हा संख्याशास्त्रज्ञ एकच आजार वेगवेगळ्या नावांनी नोंदला जातो म्हणून वैतागला होता. त्याला मृत्यू मोजायचे होते. १८९३ मध्ये झाक बेर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची यादी आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्रज्ञांपुढे मांडली. आजची आयसीडी ही तिचीच पुढची पिढी. १९४८ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली तेव्हा सहाव्या आवृत्तीत मृत्यूंबरोबर आजारपणाच्या नोंदींचीही सोय झाली. देशात लोक कशानं मरतात एवढंच जाणून घ्यायचं असेल तर मोठे आजार वेगळे ठेवून बारीकसारीक ‘इतर’मध्ये ढकलणं अगदी रास्त आहे. मोजणीसाठी ते खाने पुरेसे होते.

पण पुढे त्याच यादीवरून बिलं भरली जाऊ लागली, विमा मंजूर आणि नामंजूर होऊ लागला, निधीच्या रकमा ठरू लागल्या. यादीचं काम बदललं, खाने मात्र तेच राहिले. विमा नियामकानं, आयआरडीएआयनं, २०१९ मध्ये कंपन्यांना कोणते आधीचे आजार कायमचे वगळता येतील याची यादी काढली. तीत आजारांपुढे आयसीडीचे कोड दिले आहेत. डिमायलिनेटिंग आजारांसमोर लिहिलंय: जी ३५ ते जी ३७. संपूर्ण पट्टाच. आयुष्यभर पुन्हा पुन्हा उलटणारा एमएस आणि बऱ्याच मुलांना एकदाच येऊन जाणारा मॉगॅड, दोघे एकाच दावणीला. म्हणजे माझ्या भाचीचा कोड त्या दिवशी बरोबर टाकला असता तरी ती या पट्ट्यातून सुटली नसती, हे मला मान्य करावं लागतं. वर्गीकरण करणाऱ्यांनी शेजारी ठेवलेल्या आजारांना नशीबही सारखंच द्यायचं, हे कुठलं वैद्यकशास्त्र?

अमेरिकेत या आजाराचं काय झालं ते मी रोजच्या कामात पाहिलं आहे. तिथे आयसीडीची स्वतःची सुधारित आवृत्ती आहे, सुमारे ७०,००० कोडांची. ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत मॉगॅडचा चार्ट आला की आम्ही जी ३७.८ लावायचो. १ ऑक्टोबरपासून त्याला जी ३७.८१ मिळाला. आमच्या फ्लोअरवर दर वर्षी नव्या कोडांचं ट्रेनिंग असतं, त्यात ही एक ओळ होती, बाकीच्या शेकडो ओळींसारखीच. माझ्या शेजारची मुलगी तो कोड लिहून घेताना म्हणाली, “बरं झालं बाई, याला जागा मिळाली.” आम्हा दोघींनाही आठवत होते ते जुने चार्ट. कुठे नुसता डोळ्याच्या नसेचा दाह म्हणून नोंद, कुठे मज्जारज्जूचा दाह, कुठे सरळ एमएस. एकाच रुग्णाच्या तीन भेटींत तीन वेगळे आजार.

तो कोड आपोआप आला नाही. तिथे वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, एका सरकारी समितीची खुली बैठक होते. नव्या कोडाची मागणी कुणीही करू शकतं, डॉक्टर असो की रुग्णांची संस्था. अमेरिकेची आरोग्यव्यवस्था आपण डोक्यावर घ्यावी अशी मुळीच नाही. तिचे चार्ट वाचणारीला ते वेगळं सांगायला नको. पण मागणी करायला एक दार आहे आणि ते कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. आपल्याकडे हंडिगोडूच्या माणसानं कुणाच्या दारात जायचं?

कोड बनवायला वेळ लागतो, हे आंतरराष्ट्रीय काम आहे, असं सांगितलं जातं. कोविडच्या वेळी काय झालं, ते आठवा. फेब्रुवारी २०२० मध्ये आजाराला नाव मिळालं आणि त्यासाठी तातडीचा यू ०७.१ हा कोड लागलीच ठरला. आयसीएमआरनं मृत्यूच्या दाखल्यावर तो कसा लावायचा याच्या सूचनाही काढल्या. दुसरं उदाहरण तर खास आपलंच आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी पद्धतींतल्या आजारांची नावं अकराव्या आयसीडीत यावीत म्हणून भारत सरकारनं पाठपुरावा केला आणि १० जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत तो विभाग समारंभपूर्वक जाहीर झाला. मनावर घेतलं तर आपल्यालाही जमतं, याचा हा पुरावा. दुर्मीळ आजारांबाबत ते अजून मनावर घेतलेलं नाही.

त्याचा परिणाम आपल्या धोरणातच लिहिलेला आहे. मार्च २०२१ मध्ये केंद्रानं दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण आणलं. त्यात आजारांचे तीन गट पाडले, मुंबईच्या केईएमसारखी रुग्णालयं विशेष केंद्रं म्हणून नेमली. सुरुवातीला फक्त पहिल्या गटातल्या रुग्णांना २० लाखांपर्यंत मदत होती, ती २०२२ मध्ये सगळ्या गटांसाठी ५० लाखांपर्यंत नेली. हे चांगलं झालं, यात वाद नाही. पण हेच धोरण स्पष्ट सांगतं की भारतात दुर्मीळ आजाराची व्याख्या नाही, कारण कोणता आजार किती जणांना आहे याची माहितीच नाही. माहिती का नाही? नोंद नाही म्हणून. नोंद का नाही? कोड नाही म्हणून. आणि कोड मागायला गेलं तर पहिला प्रश्न येतो, रुग्ण किती? आई-बाप या चक्रात फिरत राहतात. एकीकडे इंजेक्शनसाठी लोकवर्गणी, दुसरीकडे मंत्रालयात अर्ज.

मेल्यावरही सुटका नाही. आपल्या देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं असतं ते २०२०च्या सरकारी अहवालानुसार २२.५ टक्केच. त्या दाखल्यांवरही ‘हृदयक्रिया बंद पडली’ असं सर्रास लिहिलेलं सापडतं. हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते. स्नायूंच्या दुर्मीळ आजारानं खंगलेलं मूल शेवटी न्यूमोनियानं जातं आणि दाखल्यावर एकटा न्यूमोनिया उरतो. मूळ कारण लिहायला फॉर्मवर ओळ असते. तीच रिकामी राहते.

मग करायचं काय? प्रत्येक आजाराला आयसीडीत कोड द्या, अशी माझी मागणी नाही. दहाव्या आवृत्तीत तर ते आता होणारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं तिच्यात भर घालणं थांबवलं आहे. ज्या पुस्तकात आपण आजही आजार शोधतो त्यात नवं पान कधीच लागणार नाही, हे आपल्या रुग्णालयांनी आणि विमा कंपन्यांनी नीट समजून घ्यायला हवं. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे आणि तिच्यात दुर्मीळ आजारांना कितीतरी जास्त जागा आहे. ती आपल्याकडे काउंटरपर्यंत पोचायला किती वर्षं लागतील कोण जाणे. तोवर हात बांधून बसायचं कारण नाही.

जर्मनीनं सोपा मार्ग काढला. तिथे रुग्णालयात दाखल झालेल्या दुर्मीळ आजाराच्या रुग्णाला २०२३ पासून नेहमीच्या कोडासोबत ऑर्फानेटचा क्रमांकही लावावा लागतो. बिलासाठी जुना कोड, ओळखीसाठी दुसरा. बिलाचं गणित बिघडत नाही आणि आजाराचं नाव टिकतं. आपल्याला हे अवघड नाही. आजारांना नेमकी नावं देणारी आणखी एक मोठी शब्दसूची आहे, स्नोमेड सीटी. तिच्यात साडेतीन लाखांहून अधिक संज्ञा आहेत. भारत २०१४ पासून तिचा सदस्य आहे, त्यामुळे देशात ती वापरायला पैसे पडत नाहीत. तिचं राष्ट्रीय केंद्र कुठे आहे? पुण्यात, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत. ज्या काउंटरवर ‘सिस्टीममध्ये हा आजार नाही’ असं आम्ही ऐकलं, तेही याच शहरात.

माझी मागणी एका खिडकीची आहे. कुठल्याही रुग्णालयाच्या, विमा कंपनीच्या किंवा सरकारी योजनेच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉइंट आठ निवडला की एक खिडकी उघडली पाहिजे आणि डिस्चार्ज कार्डावरचं नाव तिच्यात लिहिल्याशिवाय फाईल पुढे जाता कामा नये. शक्य तिथे ऑर्फा किंवा स्नोमेडचा क्रमांक. ते नाव कोडासोबत शेवटपर्यंत गेलं पाहिजे: टीपीएकडे, विमा कंपनीकडे, आयसीएमआरच्या नोंदवहीकडे. राज्यात याची सुरुवात महात्मा फुले जनआरोग्य योजनेपासून करता येईल. तिची यादी उपचारांची आहे. यादीत न बसणाऱ्या रुग्णाला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा रुग्णालयातला मदतनीस, हात जोडून परत पाठवतो, आणि परत पाठवलेल्याची नोंद कुठेच राहत नाही. कुणाला, कोणत्या आजारासाठी नाही म्हणावं लागलं, एवढं जरी वर्षभर लिहून ठेवलं तरी पुढच्या यादीत काय घालायचं हे सांगायला वेगळा अभ्यासगट नेमावा लागणार नाही.

यावर डॉक्टरांचा आक्षेप मला पाठ आहे. सिव्हिलच्या ओपीडीत सकाळपासून रांग, हातात केसपेपरचा गठ्ठा, त्यात आणखी एक रकाना? त्यांचं म्हणणं खरं आहे. पण डॉक्टर नाव लिहितातच. भाचीच्या न्यूरॉलॉजिस्टनी लिहिलंच होतं. ते हरवलं कार्ड ते कीबोर्ड या हातभर अंतरात. त्या अंतरासाठी डॉक्टरांचा एक मिनिटही नको. हवा प्रशिक्षित नोंद करणारा. आपल्या शहरांत हजारो मुलं-मुली परदेशी रुग्णांचे चार्ट बिनचूक कोड करतात. आपल्याच रुग्णालयांत मात्र हे काम शिकवलेल्या माणसाऐवजी जो मोकळा असेल त्याच्याकडे जातं. याचं मला अकरा वर्षं वाईट वाटत आलं आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. आजार दुर्मीळ असेल तर नावच ओळख उघड करतं. एखाद्या तालुक्यात तो एकाच मुलीला असेल, आणि आकडेवारीत तालुका, वय आणि आजार छापला, तर गावाला नाव सांगायची गरज उरत नाही. आपल्याकडे आनुवंशिक आजाराचा नुसता संशय आला तरी भावंडांची लग्नं अडतात, हे मी घरोघरी पाहिलंय. म्हणून नाव जपायचं ते आतल्या नोंदीत, आणि बाहेर छापायचं ते राज्य पातळीवर, गावतालुका काढून. विमा कंपनीला ते मिळावं ते दाव्यापुरतं. पॉलिसी नाकारायला नव्हे. हा नियम आधी व्हायला हवा, खिडकी नंतर. या क्रमाबद्दल मी ठाम आहे.

भावानं रुग्णालयाला दुरुस्तीसाठी पत्र दिलं. पत्राचा मसुदा मी लिहिला, खरं तर त्या संध्याकाळी काउंटरवर न बोललेलंच लिहून काढलं. चार फेऱ्या झाल्या. एमआरडीतल्या, म्हणजे रुग्णालयाच्या नोंदी सांभाळणाऱ्या विभागातल्या, एका वयस्कर बाईंनी जुनी फाईल शोधून काढली, डिस्चार्ज कार्ड आणि बिल शेजारी शेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, “अहो, हे तर सरळच चुकलंय.” दुरुस्तीपत्रात जी ३५ च्या जागी जी ३७.८ आलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी स्वतःहून आजाराचं पूर्ण नाव लिहिलं. विमा कंपनीनं ते पत्र घेतलं आहे. उत्तर यायचं आहे.

पोरगी आता सहावीत आहे, पहिल्या बाकावर बसते. दर चार महिन्यांनी तपासणी असते. भाऊ रिसेप्शनवर गेला की खिशातून एक लॅमिनेट केलेला कागद काढतो, त्यावर आजाराचं नाव, कोड आणि न्यूरॉलॉजिस्टांचा शिक्का आहे. मुलीचं नाव सांगायच्याही आधी तो कागद काउंटरवर ठेवतो आणि समोरचा माणूस टाइप करायला लागेपर्यंत त्यावरचं बोट काढत नाही.